कंडिशनर लावताना हात आखडता

चामड्याचे जॅकेट किंवा बूट विकत घेतले की दुकानदार हमखास एक सल्ला देतो: महिन्यातून एकदा तरी कंडिशनर लावत जा, नाहीतर चामडे तडकेल. त्याच्या काउंटरवर त्या कंडिशनरच्या डब्याही मांडलेल्या असतात, हा भाग वेगळा. माझे मत या सल्ल्याच्या बरेचसे उलट आहे. कोरड्या, थंड प्रदेशांत कदाचित तो योग्य ठरत असेल. पण मुंबई, कोकण, गोवा किंवा पावसाळ्यातले पुणे येथे चांगले चामडे कोरडेपणापेक्षा बुरशीने आणि गरज नसताना चोपडलेल्या तेलानेच अधिक खराब होताना दिसते. म्हणून कंडिशनर कोणता घ्यावा, याच्याआधी तो मुळात काय काम करतो आणि आपल्या वस्तूला त्याची गरज आहे का, हे समजून घेणे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

कातडे म्हणजे मुळात कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंची गुंतागुंतीची वीण असते. कातडे कमावल्यामुळे ते कुजत नाही, पण नुसते कमावलेले कातडे वाळले की तंतू एकमेकांना चिकटून ते पत्र्यासारखे ताठ होते. हे टाळण्यासाठी टॅनरीत फिरत्या पिंपांमध्ये पाण्यात मिसळणारी तेले कातड्याच्या आतपर्यंत मुरवली जातात, आणि त्यामुळे तंतू एकमेकांवरून सहज सरकू शकतात. नवे जॅकेट अंगावर मऊ बसते ते याच तेलामुळे. ते तेल आपोआप उडून जात नाही. वारंवार भिजणे आणि वाळणे, उष्णता, घाम, कडक साबण यांमुळे ते वर्षानुवर्षे हळूहळू कमी होत जाते, आणि कंडिशनरचे काम ही तूट थोडीफार भरून काढण्याएवढेच आहे. चामडे ‘तहानलेले’ असते आणि त्याला ‘पोषण’ लागते, ही जाहिरातीची भाषा आहे. कातडे निर्जीव असते. ते तेल घेते म्हणजे त्याला तेल हवे असते, असे नव्हे.

आता आपल्या हातातले चामडे कोणते, हा प्रश्न येतो. आज जगातली बहुतेक जॅकेटे आणि बुटांचे वरचे भाग क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याचे असतात. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुढे आली. बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावण्याची पद्धत त्याहून कितीतरी जुनी आहे, आणि कोल्हापुरी वहाणा, अनेक पट्टे, चांगल्या बुटांचे आतले तळ आजही तशाच चामड्याचे असतात. वनस्पतींनी कमावलेले चामडे पाणी आणि तेल पटकन शोषते, तेलाने गडद होते आणि ओले असताना उष्णतेने लवकर आक्रसते. क्रोमचे चामडे या सगळ्याला अधिक दाद देत नाही, आणि त्याला तेलाची गरजही कमी लागते.

त्याहूनही महत्त्वाचा आहे तो पृष्ठभागावरचा लेप. बाजारातली बरीच जॅकेटे रंगद्रव्याचा आणि पॉलिमरचा पातळ थर दिलेल्या चामड्याची असतात. या थरावर तुम्ही कितीही महागडे क्रीम चोळले तरी ते आत फारसे जात नाही, वरच राहते आणि धूळ धरते. याउलट ॲनिलिन चामड्यावर फक्त रंग असतो, लेप जवळजवळ नसतो, त्यामुळे ते सगळे काही शोषून घेते, डागसुद्धा. ओळखण्याची सोपी रीत अशी: कॉलरखाली किंवा आतल्या शिवणीजवळ पाण्याचा एक थेंब ठेवावा. तो मिनिटभरात मुरून तिथे गडद ठिपका उमटला तर चामडे उघडे आहे. थेंब तसाच टुकटुकीत बसून राहिला तर त्यावर लेप किंवा मेण आहे. दुमडल्यावर घडीच्या जागी रंग फिका पडणारे, तेल-मेण मुरवलेले बुटांचे चामडे हा तिसरा प्रकार, आणि खऱ्या अर्थाने अधूनमधून मेण-तेल मागणारा हाच. स्वेड आणि नुबक, म्हणजे पृष्ठभाग घासून मखमली केलेले चामडे, यांना कोणतेही क्रीम किंवा तेल लावू नये. त्यांचा लवदार पोत चिकटून बसतो. त्यांना ब्रश पुरे.

आणि एक चौथा प्रकार आहे, जो चामडे नाहीच. ‘पीयू लेदर’ म्हणजे कापडावर पॉलियुरेथेनचा थर. दमट हवेत त्या थराचे पाण्यामुळे रासायनिक विघटन होते आणि काही वर्षांत खांद्यावरून, कोपरावरून पापुद्रे सुटू लागतात. असे जॅकेट घेऊन लोक कंडिशनर शोधत फिरतात, तेव्हा वाईट वाटते. खिशाच्या किंवा शिवणीच्या कापलेल्या कडेला तंतूंऐवजी विणलेले कापड दिसत असेल, तर कोणत्याही डबीवर पैसे घालवू नयेत.

कंडिशनरच्या डबीवरचे नाव वाचण्यापेक्षा तिच्यातले घटक वाचणे उपयोगाचे ठरते. पाश्चात्त्य घोडेस्वारांच्या जगातून आलेले नीट्सफूट तेल हे गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढतात. थंडीतही ते पातळ राहते आणि खोलवर मुरते, म्हणून जाड, ताठ झालेल्या, वनस्पतींनी कमावलेल्या चामड्याला ते खरोखर उपयोगी पडते. मात्र रंग गडद करते आणि जास्त झाले तर चामडे ढिले, लिबलिबीत करते. मिंक ऑइल मिंक नावाच्या प्राण्याच्या चरबीपासून येते, आणि त्याचाही स्वभाव साधारण तसाच आहे. चामडे वापरणाऱ्याने चरबीबद्दल सोवळे पाळावे का, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, पण डबीत काय आहे हे माहीत असावे एवढेच माझे म्हणणे आहे. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीवरून मिळते, मऊपणा देते आणि थोडे पाणीही अडवते. मधमाशांचे मेण मुरत नाही. ते वर बसून पाणी रोखते. ट्रेकर लोक वापरतात त्या डबिनमध्ये मेण, तेल आणि चरबी एकत्र असतात. डॉक्टर मार्टेन्स या कंपनीच्या बामात खोबरेल तेल, लॅनोलिन आणि मधमाशांचे मेण असते, म्हणजे महागड्या डबीतही ओळखीचेच जिन्नस निघतात. जॅकेटासाठी मला पाण्यात मिसळलेली, पातळ लोशनसारखी कंडिशनर्स बरी वाटतात. बिकमोर कंपनीचे ‘बिक ४’ त्यातलेच. चामड्याचा रंग गडद होऊ न देण्याबद्दल ते ओळखले जाते, आणि फिक्या तपकिरी जॅकेटाच्या बाबतीत हा गुण सर्वांत मोठा आहे. सफिरचे रेनोव्हातर हे फ्रेंच क्रीम मिंक तेलाचे असते; औपचारिक बुटांवर ते सुंदर काम करते, पण भारतात त्याची आयात केलेली किंमत पाहता बाटाचे रोजचे बूट घालणाऱ्याने त्याच्या वाटेला जाण्याची गरज नाही.

शाळेच्या बुटांना लावायचे पॉलिश म्हणजे कंडिशनर नव्हे. त्यात मेण, द्रावक आणि रंग असतो, त्यामुळे चमक येते आणि ओरखडे झाकले जातात, पण चामडे मऊ होत नाही. आणि एका हाताने पुसताच चकाकी आणणारे ते स्पंज तर मी घरात ठेवतच नाही, कारण त्यांची चमक सिलिकॉन तेलाची असते. त्याचा थर बसल्यावर पुढे लावलेले क्रीम किंवा रंग नीट धरत नाही.

स्वयंपाकघरातल्या तेलांचा मोह आपल्याकडे फार. वहाणांना तेल पाजण्याची रीत जुनी आहे आणि तिच्यात चूक काही नाही: ते चामडे उघडे असते, जाड असते, वहाणा रोज पायात असतात आणि त्यांना वारा लागतो. तोच न्याय कपाटात आठ महिने टांगलेल्या, अस्तर लावलेल्या जॅकेटाला लावता येत नाही. खोबरेल तेल साधारण २४ ते २५ अंश सेल्सिअसला गोठते, म्हणून मुंबईत लावलेले तेल पुण्याच्या डिसेंबरात चामड्यावर पांढुरके होऊन उभे राहू शकते. मोहरी, सूर्यफूल, ऑलिव्ह या तेलांचे हवेत हळूहळू ऑक्सिडीकरण होते, ती चिकट होतात आणि खवट वास सुटतो. जवसाचे तेल तर वाळून कडक पापुद्रा धरते. तैलरंगांत ते त्याच गुणासाठी वापरतात. चामड्यावर हा गुण म्हणजे दोषच.

अति तेलाबाबत ग्रंथालयांचा अनुभव बोलका आहे. विसाव्या शतकात चामडी बांधणीच्या जुन्या पुस्तकांना ‘ब्रिटिश म्युझियम लेदर ड्रेसिंग’ या नावाने प्रसिद्ध असलेले लॅनोलिन, मधमाशांचे मेण, सिडारवुड तेल आणि हेक्झेन यांचे मिश्रण अनेक ठिकाणी नियमाने लावले जात असे. पुढे संवर्धकांच्या लक्षात आले की चामड्याची भुकटी होण्याचा मूळ रोग, म्हणजे प्रदूषित हवेतल्या गंधकाच्या वायूंमुळे होणारा आम्लाचा परिणाम, तेलाने थांबत नाही. उलट बांधण्या काळवंडतात, चिकट होतात, धूळ धरतात आणि कधी पांढरा थर वर येतो. त्यामुळे सरसकट तेल लावण्याची प्रथा मागे पडली. पुस्तक कपाटात स्थिर असते आणि जॅकेटाची कोपरे रोज वाकतात, म्हणून दोघांना एकच नियम लावणार नाही. पण ‘लावले तर बिघडते काय’ या वृत्तीला हे उत्तर पुरेसे आहे.

लावण्याची रीत साधी आहे, आणि तिचा मोठा भाग पुसण्याचा आहे. आधी मऊ ब्रशने धूळ काढावी, शिवणींमधली विशेषतः, कारण धुळीसकट क्रीम चोळणे म्हणजे बारीक वाळूने घासणे. मग पिळून घेतलेल्या ओलसर सुती फडक्याने पुसून सावलीत वाळू द्यावे. जॅकेटाची कॉलर आपल्याकडे वेगळ्या लक्षाची धनी आहे: केसांचे तेल आणि मानेचा घाम मिळून तिथे काळा, मेणचट थर बसतो, आणि तो न काढता वरून कंडिशनर लावणे म्हणजे तेलावर तेल. यासाठी सॅडल सोप या चामडे साफ करण्याच्या साबणाचा फक्त फेस वापरावा आणि तोही लगेच ओल्या फडक्याने पूर्ण टिपून घ्यावा. हा साबण अल्कधर्मी असतो, तर चामडे स्वभावतः आम्लधर्मी, म्हणून दोघांची गाठ वरचेवर पडलेली चांगली नाही. त्यानंतर दिसणार नाही अशा जागी कंडिशनर थोडे लावून दुसऱ्या दिवशी रंग पाहावा. रंग मानवला तर पाठीच्या एका भागाला भुईमुगाच्या दाण्याएवढे क्रीम, तेही फडक्यावर घेऊन, थेट जॅकेटावर ओतून नव्हे. अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने उरलेले सगळे पुसून काढावे आणि रात्रभर रुंद हँगरवर मोकळ्या हवेत ठेवावे. हात फिरवल्यावर चिकट लागले तर जास्त झाले आहे. मोटारसायकलवर घालायच्या जॅकेटाला तर मुद्दाम मऊ करण्याच्या मागे लागूच नये. रस्त्यावर घसरल्यास त्याचा घट्टपणाच उपयोगी पडतो. लेप असलेल्या जॅकेटाला वर्षातून एकदा हे केले तरी पुष्कळ, आणि एखादे वर्ष चुकले तर काहीही होत नाही.

बुटांचे गणित वेगळे, कारण ते चिखलात जातात आणि बोटांच्या मागे सतत दुमडतात. सह्याद्रीतून परतल्यावर लाल माती त्याच दिवशी धुवावी. भिजलेल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, ते बदलत, पंख्याखाली वाळवावेत. गॅसजवळ, हीटरसमोर किंवा कडक उन्हात ओले बूट ठेवणे हा त्यांना कडक आणि वाकडे करण्याचा सर्वांत जलद मार्ग आहे. ते अगदी कोरडे होण्याच्या थोडे आधी मी घडीच्या जागी पातळ थर लावतो, कारण तेव्हा तो सारखा पसरतो. आत जलरोधक, हवा खेळती ठेवणारा पडदा असलेल्या ट्रेकिंग बुटांना जड तेल-चरबी लावू नये. वरचे चामडे त्याने तुंबते आणि घाम बाहेर पडायला अडचण होते. तळ डिंकाने चिकटवलेले असतील तर जोडाच्या रेषेवर तेल ओघळू देऊ नये.

कॅलेंडरचा मुद्दा मात्र मी हट्टाने मांडतो. बहुतेक लोक मे महिन्याच्या अखेरीस, जॅकेट कपाटात ठेवण्यापूर्वी, त्याला भरपूर कंडिशनर लावतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७० टक्क्यांच्या वर राहिली की चामड्यावर बुरशी वाढू लागते, जुलैत मुंबईत ती सहसा ८० च्याही पुढे असते, आणि ताजे तेल हे बुरशीला आयते अन्न आहे. म्हणून ते काम नोव्हेंबरात, हवा कोरडी झाल्यावर करावे. पावसाळ्यासाठी जॅकेट फक्त पुसून, पूर्ण कोरडे करून, सुती कापडाच्या पिशवीत, बाहेरच्या ओल्या भिंतीपासून दूर टांगावे. प्लास्टिकच्या कव्हरात कधीच नाही. सिलिका जेलच्या पुड्या खिशात ठेवाव्यात आणि ऊन पडलेल्या दिवशी जॅकेट सावलीत वाऱ्यावर काढावे.

तरीही पांढरे ठिपके आलेच तर लगेच बुरशी समजून घासू नये. हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून क्षणभर सोडावी: ठिपका वितळून नाहीसा झाला तर ते वर आलेले तेल-मेण आहे, आणि कोरड्या फडक्याने पुसले की काम झाले. ओल्या बोटाने विरघळला तर तो मीठ, म्हणजे घामाचा किंवा समुद्राकाठच्या हवेचा क्षार. दोन्हीही न होता कुबट वास आणि मखमली लव दिसली तर बुरशी. ती घराबाहेर, नाकाला रुमाल बांधून ब्रशने झाडावी, नाहीतर तिचे बीजाणू कपाटभर पसरतात; मग पाणी घातलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आधी लपलेल्या जागी रंग उतरत नाही हे पाहून, हलके पुसावे, अस्तरासकट वाळवावे आणि कपाटही आतून त्याच द्रावणाने पुसून दिवसभर उघडे ठेवावे. कंडिशनरची डबी या सगळ्यानंतर, चामडे पूर्ण कोरडे झाल्यावरच उघडावी, आणि पावसाळा अजून उरला असेल तर तेव्हाही नको.