अठरावे केंद्र कधी मोजायचे?

मागच्या महिन्यात आमच्या घरी ‘डिप्लोमसी’ या पटावरच्या खेळाचा डाव सात तास रंगला आणि शेवटी तुर्कस्तान जिंकले की नाही, यावरच वाद झाला. तुर्कस्तान मावसभावाकडे होते. पटावरच्या १९०९ च्या वसंतात (खेळातल्या प्रत्येक वर्षात वसंत आणि शरद अशा चालींच्या दोन फेऱ्या असतात) त्याचे आरमार ट्युनिसला पोहोचले, भूदल म्युनिकमध्ये शिरले, आणि आधीच्या १६ पुरवठा केंद्रांत, म्हणजे सैन्य पोसणाऱ्या खास प्रांतांत, ही दोन मिळवून त्याने विजय जाहीर केला.

पहिल्या महायुद्धापूर्वीच्या युरोपच्या नकाशावरचा हा खेळ ॲलन कॅलहॅमर यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात फासे नाहीत. सात सत्ता आणि ३४ पुरवठा केंद्रे आहेत, आणि त्यांपैकी १८ ज्याच्या ताब्यात येतील तो जिंकतो. चौतीसचे निम्मे १७, त्यामुळे दोघांकडे एकाच वेळी १८ केंद्रे असणे शक्यच नाही.

खरी मेख आहे ती ‘ताब्यात’ या शब्दात. केंद्राची मालकी बदलते ती फक्त शरदातल्या चाली आणि त्यानंतरच्या माघारी (हटवलेल्या सैन्याने शेजारच्या रिकाम्या प्रांतात जाणे) पूर्ण झाल्यावर. वसंतात शिरून शरदात बाहेर पडले, तर केंद्र जुन्याच मालकाकडे राहते. उलट एकदा मिळालेले केंद्र रिकामे सोडले तरी, शरदाअखेर दुसऱ्या कोणाचे सैन्य तिथे उभे नसेल तर ते आपलेच असते. म्हणून पटावरच्या सोंगट्या मोजून निकाल लागत नाही.

मी फ्रान्स खेळत होते. शरदात मी बर्गंडीतून म्युनिकवर चालून गेले, इंग्लंडने रूर आणि कील येथून पाठिंबा दिला (प्रत्येक पाठिंब्याने बळ एकाने वाढते), आणि बोहेमियाचा एकच आधार असलेले तुर्की भूदल तिथून हटले. ट्युनिस मात्र त्याला मिळाले, म्हणजे तुर्कस्तान १७, इंग्लंड ९, फ्रान्स ८. मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पुढचा बारकावा: बर्लिन त्या वेळी रिकामे असते, तर हटलेले सैन्य माघार घेऊन तिथे गेले असते आणि त्या माघारीनेच अठरावे केंद्र मिळून तो खरोखर जिंकला असता. तिथे इंग्लंडचे सैन्य होते, म्हणून आम्ही वाचलो.

पुढे कोणालाच पुढे सरकता येईना, तेव्हा आम्ही बरोबरी मान्य केली. सतरा केंद्रांच्या धन्याला आणि आठवाल्याला सारखाच वाटा, हे मावसभावाला पटेना. मला मात्र हा नियम या खेळाचा प्राण वाटतो, कारण टिकून राहण्याला पूर्ण मोल असल्यामुळेच दुबळ्या सत्ता बलाढ्याविरुद्ध एकत्र येतात, आणि त्या आल्या नसत्या तर म्युनिक परत मिळालेच नसते.

आता खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवली आहे: ‘मोजणी शरदातील माघारीनंतर. बरोबरीत टिकलेल्या सर्वांचा वाटा समान.’ पहिली चाल लिहिण्याआधी ती मोठ्याने वाचायची, असे ठरले आहे, आणि अक्षर मावसभावाचेच आहे.