गिरणीच्या सायडिंगचा डायोरामा : रूळ बसले, आता शेड

सोलापुरात रेल्वे १८६० मध्ये आली आणि १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली. गिरणी आणि रेल्वे यांचा हा शेजार मला लहान जागेत, डायोरामा म्हणजे छोट्या देखाव्याच्या मॉडेलमध्ये, उभा करायचा आहे. कोणत्याही एका गिरणीची ही प्रतिकृती नाही. फळी १४० बाय ३५ सेंटिमीटरची असून प्रमाण १:८७, म्हणजे मॉडेल रेल्वेतले एचओ, ठेवले आहे.

या प्रमाणात आपल्या १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधले अंतर सव्वाएकोणीस मिलिमीटर यायला हवे, मात्र तयार मिळणारा एचओ रूळ १६.५ मिलिमीटरचा असतो. रूळ हाताने बांधणे नवख्याच्या आवाक्यातले नसल्याने ही तफावत मी स्वीकारली आहे. गंमत अशी की बार्शी लाइट या जुन्या नॅरोगेज रेल्वेचा ७६२ मिलिमीटरचा गेज याच प्रमाणात ८.७६ येतो आणि एन गेज या मॉडेल रेल्वेच्या आणखी लहान प्रकाराचा ९ मिलिमीटरचा रूळ त्याला जवळजवळ तंतोतंत बसतो. पण त्या गाड्यांचे सांगाडे स्वतः घडवावे लागतात, म्हणून तो बेत पुढे ढकलला.

रचना इंग्लनूक या शंटिंगच्या कोड्याच्या पद्धतीची आहे : रूळ बदलणारे दोन सांधे आणि तीन सायडिंग, म्हणजे डबे उभे करायचे बाजूचे रूळ, त्यांपैकी एकात पाच आणि उरलेल्या दोहोंत प्रत्येकी तीन चारचाकी डबे मावतात. इंजिनासह तीनच डबे मावतील एवढी पुढची लाइन ठेवायची आणि आठ डब्यांतून चिठ्ठीने निघालेले पाच त्याच क्रमाने जोडायचे, हा शंटिंगचा, म्हणजे डबे पुढेमागे करून लावण्याचा, खेळ इतका रंगतो की गोल फिरणाऱ्या रुळांची उणीव भासत नाही.

खडीसाठी खडी केंद्रावरची काळ्या दगडाची कच वापरली. पन्नास मिलिमीटरचा खरा दगड १:८७ मध्ये अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठा होतो, त्यामुळे बारीक चाळणीला पर्याय नाही. आपल्या बेसाल्टमध्ये चुंबकाला चिकटणारे कण असतात आणि ते इंजिनाच्या मोटारीत ओढले जातात. म्हणून कच कागदावर पसरून तिच्यावरून चुंबक फिरवला, तेव्हा त्याला काळी लव फुटल्यासारखी दिसली. हे काम कोणीही टाळू नये. त्यानंतर खडी पसरून तिच्यावर भांड्यांच्या साबणाचा थेंब घातलेले पाणी फवारले आणि पातळ केलेले फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडले. उन्हाळ्यात रूळ वाढतात, म्हणून जोडांत अर्ध्या मिलिमीटरची फट राखली आहे.

सध्या विणकाम शेडचे करवतीच्या दातांसारखे छप्पर सनबोर्ड या हलक्या फोमच्या बोर्डमधून कापत आहे. अशा छपराच्या काचा उत्तरेकडे असतात, कारण मागावर थेट ऊन न पडता दिवसभर सारखा उजेड हवा असतो. त्या काचा पाहणाऱ्याला दिसाव्यात म्हणून फळीची पुढची कडा उत्तर मानली असून दिवाही मागच्या बाजूने लावणार आहे. इमारत पुढून मागे अर्धीच असली तरी दोन दात पुरेसे भासतात.

तीस मीटरची चिमणी येथे साडेचौतीस सेंटिमीटर होईल आणि एवढ्या अरुंद फळीवर ती सगळ्यांवर मात करेल. म्हणून ती पंचवीस सेंटिमीटरची, वर निमुळती आणि शेडच्या मागे घेणार आहे. तत्पूर्वी सांध्यांच्या तारा खालून जोडून घेईन.