गोड्या पाण्याची विहीर इंग्रजीत कशी खणायची: आमची वाटचाल

रत्नागिरीतलं आमचं दुकान मुळात टायपिंगचं आणि अर्ज लिहून देण्याचं. आता त्याच टेबलावर एकच काम चालतं, ते म्हणजे दुसऱ्याने लिहिलेलं इंग्रजी दुरुस्त करणं. आंबा बागायतदारांची पत्रं, काजूच्या पाकिटांची लेबलं, गणपतीपुळ्यापासून तारकर्लीपर्यंतच्या होमस्टेची माहितीपत्रकं, बोटीवर जाणाऱ्या मुलांचे बायोडेटा असा माल येतो. काम कसं बदलत गेलं आणि त्यातून काय हाती लागलं, ते इथे मांडतो.

आधी आमचा समज असा होता की इंग्रजी सुधारायचं म्हणजे व्याकरण सुधारायचं. काळ तपासायचा, गाळलेले 'अ' आणि 'द' भरायचे, स्पेलिंग बघायचं, की पान तयार. या चुका ठराविक असतात आणि बहुतेक सगळ्या मराठीतून उतरलेल्या असतात. 'मी काल पत्र पाठवलं आहे' हे आपल्याकडे कुणाला खटकत नाही. 'आय हॅव सेंट द लेटर यस्टरडे' मात्र चूक, कारण 'हॅव सेंट' हा काळ संपून गेलेल्या वेळेचा शब्द सोबत घेत नाही. 'यस्टरडे', 'लास्ट वीक', 'इन २०१९' असलं काही वाक्यात दिसलं की साधा भूतकाळ घ्यायचा: 'आय सेंट द लेटर यस्टरडे'. वेळ सांगायचीच नसेल तर 'आय हॅव सेंट द लेटर' बरोबर.

'पासून'ची चूक याहून जास्त वेळा येते. 'वीस वर्षांपासून' आणि '२००५पासून' या दोन्हींना मराठीत एकच शब्द पुरतो. इंग्रजीत किती काळ ते सांगायला 'फॉर' आणि कधीपासून ते सांगायला 'सिन्स'. त्यामुळे 'वी आर ग्रोइंग मँगोज सिन्स ट्वेंटी इयर्स' या एवढ्याशा वाक्यात दोन चुका आहेत. काम मागे सुरू झालं आणि आजही चालू आहे, म्हणून 'वी हॅव बीन ग्रोइंग' हवं, आणि वीस वर्षं हा कालावधी, म्हणून 'फॉर ट्वेंटी इयर्स'.

'च'चं ओझं बिचाऱ्या 'ओन्ली'वर पडतं. 'वी आर फ्रॉम देवगड ओन्ली' यातला 'ओन्ली' सरळ काढून टाकावा, देवगडचा ठसका त्यात उतरत नाही. पण जिथे तो खरंच हवा तिथे जागा बघावी लागते. 'वी ओन्ली सर्व्ह ब्रेकफास्ट टू गेस्ट्स' म्हणजे फक्त नाश्ता देता की फक्त राहायला आलेल्यांनाच देता? 'वी सर्व्ह ब्रेकफास्ट टू गेस्ट्स ओन्ली' लिहिलं की बाहेरचा माणूस नाश्त्याला येऊन बसत नाही. 'वी आर हॅविंग फोर रूम्स' हा याच घरातला पाहुणा. मालकी, गरज, ओळख दाखवणारी क्रियापदं चालू काळात जात नाहीत. 'वी हॅव फोर रूम्स' एवढं पुरे. 'फर्निचर', 'इक्विपमेंट', 'इन्फॉर्मेशन', 'लगेज' यांना अनेकवचनाचा 'एस' लागत नाही. 'अ' की 'अॅन' हे अक्षरावर नाही, उच्चारावर ठरतं, म्हणून 'अॅन एफएसएसएआय लायसन्स' (अन्नसुरक्षेचा परवाना), कारण 'एफ'चा उच्चार 'ए'ने सुरू होतो.

लोंबकळत्या वाक्यांचं एक उदाहरण द्यायलाच हवं, कारण ते आंब्याच्या प्रत्येक दुसऱ्या पत्रकात सापडतं: 'ग्रोन ऑन लॅटराइट सॉइल, वी सेल द फाइनेस्ट अल्फान्सो.' जांभ्या दगडाच्या मातीत वाढलं कोण? इंग्रजी वाक्यरचनेप्रमाणे स्वल्पविरामानंतर जो कर्ता येतो तो वाढला, म्हणजे विकणारे. 'ग्रोन ऑन लॅटराइट सॉइल, अवर मँगोज…' असं केलं की मालक जमिनीतून बाहेर येतो आणि आंबा जागेवर जातो.

हे सगळं शिकता येतं आणि शिकवताही येतं. म्हणून सुरुवातीला आम्ही कामाचा दर पानावर लावला होता, २५० शब्दांचं एक पान धरून. हिशेब चुकला तो इथेच. तीन पानांचं पत्र तासाभरात होई आणि चाळीस शब्दांचं लेबल अख्खी दुपार खाई, कारण लेबलात व्याकरण जवळजवळ नसतंच, नुसते शब्द असतात. पत्रातला चुकलेला काळ वाचणारा मनात दुरुस्त करून घेतो. चुकीच्या शब्दाची दुरुस्ती त्याला करता येत नाही, कारण चूक आहे हेच त्याला कळत नाही. पुढे आम्ही पत्रांना पानावर आणि लेबल, पत्रक, मेन्यू यांना नगावर दर लावला.

शीर्षकातली विहीर अशाच पत्रकांत आढळते. खाडीकाठच्या घरी गोड्या पाण्याची विहीर असणं ही सांगण्यासारखीच गोष्ट. ती 'स्वीट वॉटर वेल' म्हणून छापली जाते. मचूळ नसलेल्या पाण्याला रोजच्या इंग्रजीत 'फ्रेश वॉटर' म्हणतात. 'स्वीट' वाचून परक्या पाहुण्याला साखर आठवते. 'सी टच'चंही तसंच. मुंबई-पुण्याच्या माणसाला ते समजतं, बाहेरच्याला नाही. दार उघडलं की वाळू लागत असेल तर 'बीचफ्रंट', गॅलरीतून पाणी दिसत असेल तर 'सी व्ह्यू', आणि मध्ये माडाची बाग आणि रस्ता असेल तर प्रामाणिकपणे 'फाइव्ह मिनिट्स वॉक फ्रॉम द बीच'. यातला नेमका कोणता शब्द हे आम्ही नाही, ती जागा ठरवते. चुकीचा घेतला तर पाहुणा दारातच भांडतो. 'होमली फूड' लिहू नये, कारण अमेरिकनांच्या तोंडी माणसाला 'होमली' म्हटलं की तो दिसायला बेताचा, 'होम-कुक्ड' लिहावं. 'पार्किंग अॅट बॅकसाइड' वाचून लोक हसतात, ते 'पार्किंग अॅट द बॅक' करावं.

मालाच्या शब्दांत घोटाळा अधिक महाग पडतो. काजूचंच बघा. आपल्याकडे काजू बी, काजूगर, पाकळी, तुकडा, ओले काजू असे वेगवेगळे शब्द आहेत, आणि पत्रात या सगळ्यांचं 'कॅश्यू नट' होतं. बी म्हणजे कवचासकट 'रॉ कॅश्यू नट', गर म्हणजे 'कर्नल', पाकळी म्हणजे 'स्प्लिट्स', तुकडा म्हणजे 'पीसेस'. 'ओले काजू'चं 'वेट कॅश्यू' केलं की पावसात भिजलेला माल वाटतो. 'टेंडर' किंवा 'फ्रेश ग्रीन कॅश्यू कर्नल्स' म्हणावं. मोठ्या अख्ख्या गरांसाठी 'बिग साइझ', 'जंबो', 'सुपर क्वालिटी' ही विशेषणं खरेदीदाराच्या उपयोगाची नाहीत. त्याला डब्ल्यू २४० किंवा डब्ल्यू ३२० हवं असतं: 'डब्ल्यू' म्हणजे पांढरे अख्खे गर, आणि आकडा म्हणजे एका पौंडात, सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती गर बसतात ते. आकडा जितका लहान तितका गर मोठा. एवढं एक अक्षर आणि तीन आकडे लिहिले की अर्धी ओळ विशेषणं टळतात.

हापूसच्या बाबतीत 'तयार' हा शब्द सगळ्यात दगाबाज. झाडावरून उतरवलेला चौदा आणे तयार आंबा म्हणजे साधारण ८५ टक्के पक्व झालेला, पण पिकलेला नव्हे. 'रेडी मँगो' वाचून परगावचा गिऱ्हाईक पेटी उघडताच खायला बसतो आणि आंबट निघाला म्हणून तक्रार करतो. उतरवतानाची अवस्था 'मॅच्युअर', खाण्याजोगी अवस्था 'राइप'. पत्रकात दोन्ही शब्द हवेत: 'पिक्ड मॅच्युअर, शिप्ड अनराइप' आणि पुढे घरी किती दिवस ठेवायचा त्याची एक ओळ. साका म्हणजे 'स्पंजी टिश्यू'. त्याला 'रॉटन' म्हणू नये. तो फळाच्या आतला दोष आहे, बाहेरून दिसत नाही, कुजण्याशी त्याचा संबंध नाही. तक्रारीला उत्तर देताना हा एक शब्द बरोबर असला की पुढचं बोलणं नीट होतं. डझनावर बोलायची सवय असली तरी इंग्रजी पत्रात नगांसोबत निव्वळ वजन ग्रॅममध्ये द्यावं.

कोकमातही असंच. आगळ हा मिठातला रस, अमृत कोकम हा साखरेतला पाक, आणि आमसूल म्हणजे सुकवलेली सालं. तिन्हींना 'कोकम ज्यूस' म्हणणारी लेबलं आम्ही पाहिली आहेत. आगळाला 'सॉल्टेड कोकम एक्स्ट्रॅक्ट' आणि अमृत कोकमाला 'कोकम सिरप' म्हटलं तर कुणी आगळाचं सरबत करून तोंड वाकडं करत नाही. सुक्या मासळीला 'ड्राय फिश'पेक्षा 'ड्राइड फिश' बरं, आणि बोंबलाला 'बॉम्बे डक' छापलं तर शेजारी 'अ फिश' लिहावंच, बदक मागवल्याची समजूत होऊ नये म्हणून.

काही वाक्यं सुधारायची नसतात, हे कळायला आम्हाला उशीर लागला. २००७पासून अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या आंब्यावर किरणप्रक्रिया करावी लागते. तिथल्या नियमाप्रमाणे वेष्टनावर 'ट्रीटेड विथ रेडिएशन' किंवा 'ट्रीटेड बाय इरॅडिएशन' यापैकी एक शब्दरचना ठराविक चिन्हासोबत असावी लागते. कानाला कर्कश लागते म्हणून ती मऊ करायचा अधिकार आम्हाला नाही. 'ऑर्गॅनिक' हा शब्दही आम्ही प्रमाणपत्र बघितल्याशिवाय ठेवत नाही, कारण भारतात तो नियमाने बांधलेला आहे. ज्याने फक्त शेणखत घातलं त्याने तेच लिहावं.

निर्यातीच्या कागदांनी आणखी एक शाळकरी सवय मोडली. एकच शब्द पुन्हा वापरू नये, पर्यायी शब्द शोधावा, असं निबंधात शिकवतात. इनव्हॉइसवर 'कार्टन', पॅकिंग लिस्टवर 'बॉक्स' आणि पत्रात 'केस' लिहिलं तर तपासणाऱ्याला तीन वेगळ्या वस्तू दिसतात. 'फ्रेश अल्फान्सो मँगोज' असं एकदा ठरलं की शेवटच्या कागदापर्यंत तेच, अक्षर न बदलता. तारखांचंही तेच: ०३/०४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. महिना नेहमी अक्षरात.

बोटीवरच्या मुलांचे बायोडेटा हा वेगळा प्रांत. 'रिस्पॉन्सिबल फॉर' आणि 'हेल्प्ड इन' यांनी भरलेल्या कागदातून काहीच कळत नाही. हुद्दा, जहाजाचा प्रकार, टनेज म्हणजे जहाजाचा आकार, साइन-ऑन आणि साइन-ऑफच्या, म्हणजे बोटीवर रुजू झाल्याच्या आणि उतरल्याच्या तारखा आधी. मग केलेलं काम भूतकाळाच्या ठाम क्रियापदाने, जसं 'असिस्टेड द चीफ ऑफिसर विथ कार्गो वॉचेस'. मुलाखतीच्या तयारीला आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेली प्रमाणित सागरी वाक्यं वाचून घ्यायला सांगतो. शब्दनिवडीचा त्याहून कडक धडा आम्हाला माहीत नाही. 'मे', 'माइट', 'शुड', 'कुड' हे शब्द त्यात संदिग्ध ठरवले आहेत. फेअरवे, म्हणजे जहाजांच्या ये-जा करायच्या जलमार्गात शिरायचं तर 'मे आय एंटर द फेअरवे?' असं न विचारता आधी 'क्वेश्चन' म्हणायचं आणि मग 'डू आय हॅव परमिशन टू एंटर द फेअरवे?' शाळेत ज्याला नम्रता म्हणतात ती वायरलेसवर धोका ठरते, कारण 'मे' ऐकून परवानगी मागतोय की शक्यता सांगतोय हे कळत नाही.

आता काम येतं ते बहुतेक मोबाइलवर आधीच 'सुधारून' आलेलं. व्याकरण स्वच्छ असतं, आणि 'स्वीट वॉटर वेल' तशीच असते, कारण त्या वाक्यात व्याकरणाची चूक नाहीच. दुसरा त्रास असा की प्रत्येक होमस्टे 'नेसल्ड' असतो, प्रत्येक किनारा 'सिरीन', प्रत्येक गाव 'हिडन जेम'. दिवेआगरचं पत्रक आणि वेंगुर्ल्याचं पत्रक यांची नावं अदलाबदल केली तरी कुणाला कळणार नाही. अशी विशेषणं आम्ही सरसकट खोडतो आणि त्या जागी काय आहे ते विचारतो. खोल्या किती, गरम पाणी किती वाजेपर्यंत, शेवटचे दोनशे मीटर गाडी जाते की पायवाट आहे, जून ते सप्टेंबर काय चालू, काय बंद.

पद्धत आता बसलेली आहे. मूळ प्रत बाजूला, दुरुस्ती दिसेल अशा खुणांसह दुसऱ्या प्रतीत. पहिलं वाचन फक्त प्रश्नांसाठी, पेन न उचलता: कुणी, काय, किती, कधी. उत्तरं येईपर्यंत एकही वाक्य दुरुस्त करत नाही, कारण अर्थ न कळता केलेली दुरुस्ती ही सफाईदार चूक असते. दुसऱ्या वाचनात क्रियापद आणि कर्ता. तिसऱ्यात शब्द. तीसच्या पुढे शब्द गेलेलं वाक्य तोडायचं. मग मोठ्याने वाचायचं. जिथे श्वास अडतो तिथे बहुधा 'व्हिच' किंवा 'दॅट' जास्तीचा असतो. शेवटी आकडे आणि नावं वेगळी तपासायची, तेही उलट्या क्रमाने, शेवटच्या ओळीपासून वर, म्हणजे डोळा अर्थाबरोबर वाहून जात नाही. गावाचं स्पेलिंग मालकाच्या परवान्यावर असेल तेच.

मेन्यूत आम्ही घावणे, आंबोळी, सोलकढी यांची भाषांतरं करत नाही. नाव तसंच आणि शेजारी चार-सहा शब्दांत पदार्थ: घावणे म्हणजे 'सॉफ्ट, लेसी राइस-फ्लाउर क्रेप', सोलकढी म्हणजे 'चिल्ड कोकम अँड कोकोनट मिल्क ड्रिंक'. आंबे पिकवायच्या आढीचंही तेच. 'हीप' म्हटलं की रास होते, 'रायपनिंग चेंबर' म्हटलं की गॅसची खोली वाटते. म्हणून पत्रकात 'आढी' रोमन अक्षरांत ठेवतो आणि पुढे लिहितो: 'अ बेड ऑफ राइस स्ट्रॉ इन विच मँगोज रायपन इन लेयर्स'. यातला 'राइस स्ट्रॉ' बरोबर की 'पॅडी स्ट्रॉ' यावर टेबलावर अजून वाद आहे. सध्या ज्याच्या हातात पेन असेल त्याचा शब्द छापला जातो.