छत्रीवाल्याला नकाशावर दाखवावं का?

शहरातल्या हरित साधनांचा नकाशा म्हटला की बागा आणि झाडं आधी आठवतात. ती उपग्रहचित्रात बसल्या जागी दिसतात. दिसत नाहीत ती वस्तूंचं आयुष्य वाढवणारी माणसं: छत्रीवाला, मोची, शेगडी-मिक्सर दुरुस्त करणारा, भंगारवाला. दादर पश्चिमेला गोखले रोड आणि शिवाजी पार्क यांच्या मधल्या गल्ल्या आम्ही मे महिन्यात घेतल्या त्या यांच्यासाठीच.

तिघांचा गट पुरतो. एकाकडे कागद, एकाकडे फोन, तिसऱ्याने फक्त बोलायचं. कागद ए-३, प्रमाण १:१०००, म्हणजे कागदावरचा १ सेंटिमीटर जमिनीवरचे १० मीटर. एका सेंटिमीटरमध्ये याहून जास्त जमीन बसवली तर फुटपाथवर शेजारी बसणारे दोघे वेगळे दाखवता येत नाहीत. गल्लीत फोनच्या जीपीएसवर विसंबू नये. सिग्नल इमारतींवर आपटून येतो आणि ठिपका सहज १०-१५ मीटर सरकून समोरच्या सोसायटीत जाऊन बसतो. इमारतीचा कोपरा धरून पावलं मोजावीत, अंतर कागदावर मांडावं आणि नंतर उपग्रहचित्राशी जुळवावं. दाट झाडाखाली तर दुसरा इलाजच नाही.

वाटेत विहीर सापडली तर तीही नकाशात घ्यायची, पण ‘पाणी’ एवढंच लिहून भागत नाही. झाकलेली की उघडी, पंप आहे का, पाणी पिण्याचं की वापराचं, हे तिथेच विचारायचं. हिवतापाचे डास वाढतात म्हणून गेल्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या कितीतरी विहिरी बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या. त्यामुळे जुन्या माणसांनी दाखवलेल्या जागी आज नुसती लोखंडी जाळी असते.

त्या दिवशी गाडं अडलं ते छत्रीवाल्यापाशी. आठ काड्यांतली एक मोडली तर तो ती बदलून देतो, कापड सुटलं तर टाके घालतो. तीन घड्यांच्या छत्रीचा सांधा निखळला की मात्र सुटा भाग मिळत नाही, असं त्याने आधीच सांगितलं. ही माहिती नकाशाला हवीच. पण जागा दाखवू का विचारल्यावर तो म्हणाला, “नको ताई. गिऱ्हाईक आलं तर बरंच, पण तेच बघून पालिकेची गाडी उचलायला आली तर?”

पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्यात फुटपाथवर सेवा देणारेही येतात. तरीही ज्याच्या हातात त्या कायद्याखालचं प्रमाणपत्र नाही, त्याला अचूक ठिपक्याची धास्ती वाटणं रास्तच आहे. ‘आत्ता टाकू, तक्रार आली तर काढू’ हा मार्ग ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कोणीही भर घालू शकेल अशा इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावर, चालत नाही. काढलेल्या ठिपक्याचाही इतिहास तिथे शिल्लक राहतो. म्हणून संमती आधी, नोंद नंतर. माझ्या मते नकाशाच्या अचूकतेपेक्षा हा नियम मोठा आहे.

गाळ्यातल्या दुकानाचा ठिपका आम्ही जागेवरच टाकतो. फुटपाथवरच्या माणसाची नोंद खुल्या नकाशावर जातच नाही. आमच्या छापील नकाशात, त्याने होकार दिला तरच, गल्लीचा एक लांब पट्टा रंगवायचा आणि त्यावर काम, महिने आणि वेळ लिहायची. नाव, फोन नंबर, चेहऱ्याचा फोटो यांतलं काहीही घ्यायचं नाही. असा पट्टा दाखवल्यावर छत्रीवाला राजी झाला आणि वेळही त्यानेच सांगितली: सकाळी ११ नंतर, रविवारी नाही.

असले नकाशे चुकीचे ठरतात ते बहुधा जुने झाल्यामुळे. पिठाची गिरणी बंद पडते, भंगारवाला गल्ली बदलतो, आणि दोनदा रिकामा हेलपाटा पडला की लोक नकाशा उघडायचंच सोडतात. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे तपासल्याची तारीख असते आणि वर्षभरात कोणी पुन्हा जाऊन पाहिलं नाही तर ती नोंद पुढच्या छपाईतून गळते. मोसमी कामांना वर्षही फार होतं. छत्रीचा पट्टा मे ते जुलैपुरताच आहे. ऑगस्टपासून तोच माणूस तिथे बॅगांच्या चेनी बसवतो, तेव्हा पट्ट्यावरचं कामाचं नाव जुलैअखेर बदलायचं आहे.