आजींना कुणी धरलंच नव्हतं

कॅलिफोर्नियातल्या टुलेरी काउंटीत मी गृहकर्जाचं काम करते. दूध, संत्री आणि द्राक्षांचा हा मुलूख. माझं माहेर तासगावचं, त्यामुळे हंगामावर चालणाऱ्या घराचा हिशेब मला कुणी समजावून सांगावा लागत नाही.

इथे ज्यांच्या हातात बचत नाही त्यांना कृषी खात्याच्या हमीचं ग्रामीण गृहकर्ज मोठा आधार असतं. पैसे बँक किंवा आमच्यासारखी संस्था देते आणि बुडीत कर्जाच्या नुकसानीपोटी ९० टक्क्यांपर्यंत हमी सरकारची. घराच्या किमतीपैकी सुरुवातीला एक पैसा भरावा लागत नाही. एफएचए या दुसऱ्या सरकारी हमीच्या कर्जाला किमान ३.५ टक्के लागतात, म्हणजे ३ लाख डॉलरच्या घराला १०,५०० डॉलर. डेअरीवर धारा काढणारा माणूस एवढी रक्कम कुठून आणणार? कृषी खातं म्हणजे कर्ज शेतकऱ्यालाच, असा समज फार आहे. तसं नाही. शेती असण्याची अट नाही. घर ग्रामीण ठरवलेल्या भागात हवं आणि कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेत हवं.

२०२३ च्या ऑक्टोबरात लिंडसेचं एक कुटुंब आलं. वडील डेअरीवर, आई संत्र्यांच्या पॅकिंग हाऊसमध्ये, बावीस वर्षांचा मुलगा व्हायसेलियाच्या गोदामात, धाकटी मुलगी शाळेत. दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला होता. तिघांची कमाई, त्यात आईचा बिगरहंगामातला बेकारी भत्ता धरून, वर्षाला साधारण १,१७,००० डॉलर होत होती. चार माणसांपर्यंतच्या कुटुंबाला त्या वर्षी आमच्या काउंटीत मर्यादा होती १,१०,६५० डॉलर.

वडिलांनी खुर्ची पुढे ओढली आणि हळू आवाजात विचारलं, "मुलगा वेगळा राहतो असं लिहिलं तर चालेल ना? सगळे तसंच करतात म्हणे."

मुलगा खाली बघत होता. अडचण खरी होती. हप्ता झेपायचा तर त्याचा पगार हवाच, आणि तो धरला की मर्यादा ओलांडते. कर्जावरून त्याचं नाव काढूनही सुटका नाही, कारण पात्रता बघताना सही करणाऱ्यांचीच नव्हे, त्या घरात राहणाऱ्या सगळ्या प्रौढांची कमाई मोजतात. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, "खोटं लिहिलंत तर तो संघराज्याच्या कायद्याखाली गुन्हा होतो. मी ते लिहिणार नाही आणि तुम्हालाही लिहू देणार नाही." मला त्यांचा राग आला नव्हता. राग आला तो असा सल्ला देणाऱ्यांचा.

मग मी जुना अर्ज बाजूला ठेवला आणि विचारलं, "तुमच्या घरात रात्री झोपायला कोण कोण असतं?"

आईनं बोटांवर मोजलं. आम्ही दोघं, दोन मुलं, आणि माझी सासू.

सासू! जुन्या अर्जात त्यांचा पत्ताच नव्हता. वडील म्हणाले, तिला उत्पन्न नाही, कर्जावर सही नाही, मग तिचं नाव कशाला? त्या बऱ्याच वर्षांपासून त्यांच्याकडेच राहत होत्या, नव्या घरातही राहणार होत्या. कमाई नसली तरी माणूस मोजलं जातं. आणि पाच ते आठ माणसांच्या कुटुंबाला मर्यादा होती १,४६,०५० डॉलर. पाचवं माणूस धरलं की हे कुटुंब मर्यादेच्या कितीतरी आत येत होतं. धाकट्या मुलीच्या नावाची उत्पन्नातून ४८० डॉलरची वजावट धरायचीही गरज उरली नाही.

मी आकडे कागदावर मांडून कागद त्यांच्याकडे फिरवला. आईनं तो दोनदा वाचला आणि तिथूनच सासूबाईंना फोन लावला. त्या पलीकडून काय म्हणाल्या ते कळलं नाही, पण मुलगा पहिल्यांदा मान वर करून हसला.

पुढचं काम घाईचं होतं. सरकारचा मंजूर निधी १७ नोव्हेंबरपर्यंतचाच होता, आणि सरकारी कामकाज बंद पडलं की कृषी खात्याचं हमीपत्र निघत नाही. आईच्या दोन वर्षांच्या हंगामी कामाचे आणि भत्त्याचे कागद गोळा करायला सर्वांत जास्त वेळ गेला. पॅकिंग हाऊसमधल्या बायकांची कमाई खरी असते, सलग नसते एवढंच, आणि ती नीट मांडून द्यायची जबाबदारी आमची असते असं मी मानते. हमीपत्र त्या तारखेआधी आलं. हमीचं एक टक्का शुल्क कर्जातच धरलं गेलं.

पुढे त्या वडिलांनी डेअरीवरची आणखी दोन कुटुंबं माझ्याकडे पाठवली. एकानं पसंत केलेलं घर व्हायसेलिया शहरात होतं आणि तिथे हे कर्ज चालत नाही. ते आता वुडलेकमध्ये घर बघताहेत. दुसऱ्यांच्या घरी सात माणसं आहेत.