एकीने 'नको' म्हटलं आणि डोंगर बंद झाला

तिसऱ्या दिवशी सकाळी आकाश लख्ख उघडलं. दोन दिवस ढगांत, झाडीतल्या उतारांवर काढल्यानंतर पहिल्यांदाच वरच्या हिमनद्या दिसत होत्या. लॉजच्या खिडकीसमोर उत्तरेकडे तोंड करून एक भलामोठा उतार होता, एकही रेघ न उमटलेला. आदल्या संध्याकाळी ढग जरा फाटले तेव्हा आम्ही सगळे त्याच्याकडेच बघत बसलो होतो. आणि नाश्त्याला गाईडने सांगितलं, "तो आज बंद."

मला राग आला. खरा राग. हेलिस्कीइंगच्या या चार दिवसांसाठी मी तीन वर्षं पैसे बाजूला टाकले होते. कॅनडात, कॅल्गरीला आले तेव्हा स्की पायात कशी अडकवतात हेही माहीत नव्हतं. एकतिसाव्या वर्षी लहान मुलांच्या वर्गात उभी राहून शिकले आणि नऊ हिवाळ्यांनंतर इथवर पोचले. हवा स्वच्छ, हेलिकॉप्टर दारात उभं, उतार समोर. मग बंद का?

हेलिस्कीइंगमध्ये लिफ्ट नसते, आखलेली वाट नसते. हेलिकॉप्टर तुम्हाला धारेवर सोडतं, तुम्ही गाईडच्या मागे कोऱ्या बर्फातून उतरता, खाली तेच हेलिकॉप्टर वाट बघत असतं. हा प्रकार धंदा म्हणून सुरू झाला तो इथेच, ब्रिटिश कोलंबियात. हान्स ग्मोझर नावाच्या ऑस्ट्रियाहून आलेल्या गाईडने १९६५ मध्ये बुगाबू भागात पहिल्यांदा पाहुण्यांना हेलिकॉप्टरने वर नेलं. आमचं लॉज त्याच कोलंबिया पर्वतांत, पण उत्तरेला, सेलकर्क रांगेत होतं.

तिथे जाताना रॉजर्स पास लागतो. ४ मार्च १९१० च्या रात्री तिथे एका बाजूच्या डोंगरावरून बर्फ कोसळून रेल्वेमार्ग बुजला होता, तो मोकळा करायला मजूर लागले होते. तेवढ्यात समोरच्या डोंगरावरून दुसरं हिमस्खलन आलं. ५८ माणसं गेली, त्यांतली ३२ जपानी, पोटासाठी समुद्र ओलांडून आलेली. त्या घाटातून मी दरवेळी जरा गप्प होऊनच जाते. आजही हिवाळ्यात सैन्य तिथे तोफा डागून वरचा बर्फ आधीच पाडतं आणि तेवढा वेळ महामार्ग बंद ठेवतात. तेव्हा गाडीत बसून मी कधी कुरकुर केलेली नाही. लॉजमध्ये मात्र केली.

पोचल्यावर कोणालाही लगेच डोंगरावर नेत नाहीत, आधी शिकवतात. प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर बांधलेला, तो ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश सोडत असतो. पाठीवर फावडं, घडीची लांब काठी आणि हिमस्खलनात फुगून माणसाला वर ठेवणारी एअरबॅग. ट्रान्सीव्हर घातलेली एक पिशवी बर्फात पुरून आम्हाला शोधायला लावली. आपल्या ट्रान्सीव्हरवरचे बाण आणि आकडे बघत शेवटी गुडघ्यांवर रांगायचं, काठी खुपसायची, मग खणायचं. चार मिनिटं लागली. गाईड म्हणाला, "चांगलं. आता हेच हात थरथरत असताना करायचं आहे, असं समजा." गाडलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर निघाला तर त्याच्या जगण्याची आशा बरीच असते, त्यानंतर ती झपाट्याने घसरते. म्हणजे बाहेरून मदत येईपर्यंत उशीर झालेला असतो. तुम्हाला वाचवणार ते तुमच्याबरोबरचेच लोक, कालपर्यंत अनोळखी असलेले.

मग हेलिकॉप्टरची शिस्त. पाहुण्यांनी एकमेकांना चिकटून गुडघ्यांवर बसायचं, मान खाली, टोपी-हातमोजे घट्ट धरायचे. बेल २१२ आमच्यापासून हाताच्या अंतरावर टेकतं. पात्यांनी उडवलेला बर्फ कॉलरमधून आत शिरतो, श्वास घेता येत नाही, काही दिसत नाही. मग एकदम सगळं निवळतं आणि हेलिकॉप्टरचं नाक समोर असतं. पहिल्यांदा माझ्या पोटात गोळा आला होता. पायलट काय बघून टेकतो ते नंतर कळलं. गाईडने बर्फात रोवलेली एक बारीकशी काठी, वर रंगीत फडकं. पांढऱ्यात पांढरं असताना वर-खाली कळण्यासाठी त्याला तेवढाच आधार. आणि त्या काठीशेजारी गाईड स्वतः डोकं खाली घालून बसलेला.

तर तो बंद उतार. रोज पहाटे, आम्ही झोपेत असताना, गाईड मंडळी बसतात. हवामान बघतात, आदल्या दिवशी कोणी काय पाहिलं ते सांगतात. शेजारच्या कंपन्यांच्या नोंदीही वाचतात, कारण इथे १९९१ पासून इन्फोएक्स नावाची व्यवस्था आहे. धंद्यातले प्रतिस्पर्धी रोज संध्याकाळी आपापल्या डोंगरावरची निरीक्षणं एकमेकांना देतात. मग यादी उघडतात. परिसरातल्या प्रत्येक उताराचं नाव त्यात असतं आणि एकेक नाव वाचून ठरवतात: हिरवा की लाल. हिरवा व्हायला सगळ्यांचा होकार लागतो. लाल व्हायला एकाचा नकार पुरतो. नकार देणाऱ्याने सिद्ध काही करायचं नसतं. आणि एकदा लाल झालेला उतार त्या दिवशी पुन्हा हिरवा होत नाही. दुपारी कितीही सुंदर दिसू दे, पाहुणे कितीही नाराज होऊ देत. डोंगरावर गेल्यावर गाईड हिरवा उतार बंद करू शकतो, लाल उघडू शकत नाही.

नकार कोणाचा हे पाहुण्यांना सांगत नाहीत, निर्णय सगळ्यांचा मानतात. पण त्या दिवशी आमच्याबरोबर जी गाईड होती, ती सगळ्यांत लहान. त्या लॉजवरचा तिचा पहिलाच हिवाळा. दुपारी पाणी पिताना मी तिला सरळच विचारलं. ती म्हणाली, "मीच म्हणाले होते."

आणि तिने फावडं काढलं. आम्ही होतो त्या बेताच्या उतारावर, आमच्या बाजूलाच तिने दीड मीटर खोल खड्डा घेतला, त्याची भिंत हाताने साफ केली. मग बोटाने एक रेघ दाखवली, पेन्सिलीने ओढावी तशी राखट. दोन आठवड्यांपूर्वी थंड, निरभ्र रात्री होत्या. त्या रात्रींत बर्फाच्या पृष्ठभागावर दवासारखी पिसं उगवतात, काचेची असावीत तशी. त्यावर नवा बर्फ पडला की ती आत गाडली जातात, पण वरचा थर खालच्याला चिकटू देत नाहीत. काळ्या पत्र्याच्या पट्टीवर तिने त्यातले दोन-तीन कण घेतले आणि भिंग माझ्या हातात दिलं. इतकी नाजूक, रेघारेघांची पानं होती ती, की काही क्षण मी राग विसरले.

मग तिने ९० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर जाड असा बर्फाचा ठोकळा मोकळा कापला, एका टोकावर फावड्याचं पातं ठेवलं आणि वर थापा मारायला लागली. दहा मनगटातून. काही झालं नाही. मग कोपरातून. अकरा, बारा, तेरा. तेराव्या थापेला अख्खा वरचा भाग, या टोकापासून त्या टोकापर्यंत, टेबलाचा खण ओढावा तसा सुळकन पुढे आला आणि माझ्या बुटांवर पडला.

"इथे उतार कमी आहे म्हणून आपण इथे आहोत," ती म्हणाली. "तो बंद केलेला पस्तीस अंशांच्या वर आहे. आणि काल रात्री वाऱ्याने त्याच्यावर आणखी बर्फ नेऊन टाकला असणार. कदाचित तिथे हा थर नसेलही. मला सकाळी नीट पटवून सांगता आलं नसतं. मन धजलं नाही, एवढंच."

"आणि बाकीच्यांनी मानलं?"

तिला प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा विचारला, तेव्हा म्हणाली, "मानायचं काय त्यात? मी नाही म्हटलं ना."

हे वाक्य घेऊन मी घरी आले. वीस वर्षांपूर्वी सह्याद्रीत, भर पावसात, आमच्या गटातली एक मैत्रीण ओढ्याच्या काठावर थांबली होती. "पाणी वाढतंय, मला नको वाटतंय," म्हणाली. आम्ही अकरा जण तिच्या मागे लागलो. कोणी समजावलं, कोणी चिडवलं, मी तिचा हात धरून ओढलं. सगळे सुखरूप पलीकडे गेलो. पुढे कितीतरी वर्षं, ती भेटली की ओढ्याची गोष्ट निघायची आणि आम्ही हसायचो.

याचा अर्थ आमचे लोक बेफिकीर, असं कोणी म्हटलं तर मला चालणार नाही. आमचा लीडर त्या डोंगरातच वाढलेला होता, त्याला ओढ्याची नस ठाऊक होती. आणि तिकडे दरीत कोणी अडकलं तर रात्री-अपरात्री दोर खांद्यावर टाकून, एक पैसा न घेता उतरणारी पोरं आहेत. ब्रिटिश कोलंबियातही डोंगरातले शोधपथकवाले स्वयंसेवकच, आणि तेही पैसे घेत नाहीत. पण आपल्या पोरांकडे या लोकांच्या पावपटही साधनं नसतात. हे मी इथल्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगते. फरक जिवाच्या किमतीत नाही. ओढ्याच्या काठावर 'नको' म्हणणारीला आमच्याकडे वाद जिंकावा लागत होता, इथे लागत नाही.

हौसेसाठी हेलिकॉप्टरचं इंधन जाळण्याबद्दल माझ्या भावाने फोनवर विचारलंच. फ्रान्सने १९८५ मध्येच हौशी स्कीइंगसाठी डोंगरावर हेलिकॉप्टर उतरवायला कायद्याने मनाई केली, आणि त्यात तथ्य आहे. मी वर्षभर ट्रेनने ऑफिसला जाते, गाडी फक्त डोंगरासाठी काढते. हे उत्तर त्याला पटलं नाही. मला बरंचसं पटतं.

चौथ्या दिवशी परतताना हेलिकॉप्टर त्या उतारासमोरून गेलं. काही झालं नव्हतं. कुठे तडा नाही, खाली ढिगारा नाही. मी मुद्दाम काचेला नाक लावून बघितलं. तिचा नकार बरोबर होता की नाही हे आता कोणालाच कळणार नव्हतं, आणि लॉजमध्ये कोणी तो विषयही काढला नव्हता. आदल्या संध्याकाळच्या जेवणाला ती सगळ्यांत अनुभवी गाईडच्या शेजारी बसून त्याच्याशी स्कीच्या मेणाबद्दल बोलत होती.

घरी आल्यावर त्या मैत्रिणीला फोन केला. ओढ्याचं बोलले, हात धरून ओढल्याचंही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "तो उतार नंतर कोसळला का गं?"

"नाही," मी म्हणाले. "तसाच आहे."

"बरं झालं," ती म्हणाली.