अडीच फुटांचा गणपती आणि चार टनांची टाकी

घोडबंदर रोडवर राहणाऱ्या माणसाला विसर्जनाच्या संध्याकाळी गाडी बाहेर काढायची म्हटलं की पोटात गोळा येतो. मेट्रोच्या कामाने रस्ता आधीच आक्रसलेला, त्यात टेम्पो, ट्रॅक्टर आणि ढोल. आमची सोसायटी कासारवडवलीच्या अलीकडे. चार विंग्ज, पोडियमवर म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवर बाग, पाच दिवसांचा गणपती. मूर्ती पाच फुटांची, पीओपीची (प्लास्टर ऑफ पॅरिसची), आणि विसर्जन कोलशेतला खाडीवर. टेम्पोत मूर्तीबरोबर मावतील तेवढीच माणसं जायची, बाकीचे गेटवर हात जोडून लिफ्टकडे वळायचे. पाच दिवस खड्या आवाजात आरत्या म्हणणाऱ्या आजी-आजोबांपैकी घाटापर्यंत कोणी पोचायचं नाही.

२०२५ साली सांस्कृतिक समिती माझ्या गळ्यात पडली. आमच्याकडे ती निवडून येत नाही. सभेत शेवटची सूचना करणाऱ्याला मिळते. माझी सूचना एवढीच होती की मूर्ती शाडूची आणावी आणि विसर्जन आपल्याच आवारात करावं. चेअरमनसाहेब म्हणाले, ‘मॅडम, कल्पना उत्तम आहे, आता तुम्हीच बघा.’

पीओपीचं प्रकरण तेव्हा असं चाललं होतं की ग्रुपवर रोज कोणीतरी नवा निकाल टाकायचं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्येच पीओपीच्या मूर्तींना मनाई केली होती, पण ती बरीचशी कागदावरच राहिली. २०२५ च्या माघी गणपतीच्या वेळी मुंबई उच्च न्यायालयाने ती मनावर घेतली, आणि उपनगरातल्या काही मंडळांना आपल्या मूर्ती विसर्जनावाचून महिनोन्‌महिने झाकून ठेवाव्या लागल्या. जूनमध्ये न्यायालयाने मूर्ती बनवायला आणि विकायला मोकळीक दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जन नाही म्हणून बजावलं. जुलैच्या उत्तरार्धात सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायच्या असं ठरलं. आमची शाडूची ऑर्डर तोवर जाऊन बसली होती, म्हणून मला या घडामोडींची करमणूक तरी झाली. शेजारच्या कॉम्प्लेक्सची समिती मात्र शेवटपर्यंत टांगणीला होती.

शाडूला आमच्याकडे विरोध झाला नाही. विरोध झाला उंचीला. शाडू म्हणजे वजन, आणि वजन म्हणजे उंची कमी. मी अडीच फूट म्हटल्याबरोबर ए विंगमधले एक काका उठून उभे राहिले. ‘पाचावरून अडीच? देवाला डिमोशन देताय का?’ सगळे हसले, पण अर्धी सभा त्यांच्याच बाजूची होती. उंचीचा संबंध भक्तीशी कमी आणि शेजारच्या कॉम्प्लेक्सशी जास्त असतो, हे माझं मत मी त्या दिवशी मनातच ठेवलं. कोंडी फोडली ती बी विंगमधल्या निवृत्त शिक्षक काकांनी. ते सिंधुदुर्गातले. म्हणाले, ‘आमच्याकडे नागपंचमीला गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तीच्या कारखान्यात, पाट नेऊन देतात. जेवढा पाट, तेवढा गणपती. पाटाच्या बाहेर गेलेला गणपती मी तरी पाहिला नाही.’ मग त्यांच्याच घरातला जुना शिसवी पाट मापाला घेतला, आणि उंचीचा वाद तिथे मिटला.

ज्यांना हे करायचं असेल त्यांनी मूर्तिकाराकडे निदान उन्हाळ्यात जावं. शाडू पावसाळ्यात लवकर वाळत नाही. हवा दमट, कारखान्यात दिवे आणि पंखे लावून मूर्ती सुकवत बसावं लागतं. पीओपी साच्यात ओतली की थोड्या वेळात घट्ट होते, त्यामुळे तिथे आयत्या वेळची गिऱ्हाइकं चालतात. इथे नाही. शिवाय माती इथली नाही, ती बरीचशी गुजरातेतून भावनगरकडून येते, आणि हाताने काम करणारे कारागीर कमी. ठाण्यातले बरेच कारखानदार पेणहून कच्च्या मूर्ती आणून इथे रंगवतात. आमच्या मूर्तिकाराने पहिल्याच भेटीत सांगितलं, ‘रंग पाण्याचे देतो, चमक मागू नका. आणि नेताना टेम्पो हळू चालवा, वाटेत तडा गेला तर माझ्याकडे दुसरा गणपती नाही.’ रंग पाण्याचे हवेत हे मीच सांगणार होते. ऑइलपेंट लावला की आतली माती शाडूची असून उपयोग काय? वर रंगाची साल तरंगत राहते.

आता टाकी. ही मला सगळ्यात सोपी बाब वाटत होती. लोखंडी सांगाड्यात ताडपत्रीचं जाड कापड ताणलेल्या टाक्या तयार मिळतात: दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट खोल. ती पोडियमवर बागेच्या मधोमध ठेवायची, भोवती माणसं उभी राहतील, फोटो छान येतील. सी विंगमध्ये एक स्ट्रक्चरल इंजिनीअर राहतात. ते सहसा कोणत्याच सभेला येत नाहीत, या सभेला आले आणि खिशातून पेन काढून बसले. टाकीत अडीच फूट पाणी भरलं तर दीडशे घनफूट, म्हणजे सव्वाचार हजार लिटर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. सव्वाचार टन. दर चौरस मीटरवर साडेसातशे किलोंच्या पुढे, शिवाय कडेने उभी राहणारी दाटीवाटीची गर्दी, आणि स्लॅबवर बागेच्या मातीचा भार आधीपासून आहेच. ‘स्लॅब लगेच पडणार नाही,’ ते म्हणाले, ‘पण मी सही करणार नाही. आणि वॉटरप्रूफिंग फुटलं तर खालच्या पार्किंगमधल्या गाड्यांवर जे टपकेल, ते मला सांगू नका.’ दुसऱ्या वाक्याने काम केलं. पार्किंग म्हटलं की आमच्या सोसायटीत एकमत होतं.

एका उत्साही मुलाने क्लब हाऊसचा स्विमिंग पूल सुचवला. खोली तयार, पाणी तयार. पण पूल फिल्टरवर चालतो, आणि शाडू इतकी बारीक माती आहे की फिल्टरची वाळू गच्च बसली असती. शेवटी टाकी तळमजल्यावर, व्हिजिटर पार्किंगमध्ये, थेट जमिनीवर ठेवायची ठरली. अग्निशमनची गाडी वळते तेवढी जागा मोकळी सोडून. हे मोजमाप टेपने घेऊन नकाशावर दाखवलं, कारण परवानगीच्या वेळी ते विचारणार हे माहीत होतं.

परवानग्यांबद्दल फार लिहीत नाही. आमचा मंडप रस्त्यावर नसतो, त्यामुळे खड्डे, वाहतूक वगैरेंचे प्रश्न आले नाहीत. पोलीस ठाण्यात मंडप आणि लाऊडस्पीकरचा अर्ज, मंडपवाल्याच्या इलेक्ट्रिशियनचं पत्र, अग्निशामक सिलिंडर कुठे ठेवणार ते, रात्री मूर्तीजवळ कोण थांबणार त्यांची नावं आणि सीसीटीव्ही. रात्री दहाची वेळ पाळायची, आणि राहत्या वस्तीत दिवसा आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आहे हेही तिथे सांगितलं गेलं. पंचावन्न म्हणजे किती, हे ज्याने जोरात म्हटलेली आरती मोजली असेल त्यालाच कळेल. वर्गणी फक्त सोसायटीतल्या घरांकडून, पावती देऊन, स्वतंत्र खात्यात. मेंटेनन्सच्या बिलात सणाची ओळ घालायची नाही, यावर आमचे खजिनदार ठाम आहेत आणि मी त्यांच्या बाजूची आहे. बाहेरच्या दुकानदारांकडे जायचं असेल तर धर्मादाय आयुक्तालयाची कलम ४१ क ची परवानगी लागते. आम्ही गेलोच नाही. भाडेकरूंना वर्गणी मागायची का, हा वाद दरवर्षी होतो, तो याही वर्षी झाला. मागायची, असंच याही वर्षी ठरलं. आरतीचं ताट काय मालकी हक्क बघून फिरतं?

खरी नाराजी पोरांची होती. मिरवणूक नाही म्हणजे नाच नाही. डी विंगमधली मुलं तोंड पाडून बसली. त्यांना आवाराच्या आतल्या रस्त्यावरून सगळ्या विंग्जना वळसा घालून मिरवणूक दिली, लेझीम आणि ताशावर. डीजेला नाही म्हणायची वेळ आली नाही, कारण मागायची हिंमत कोणी केली नाही. ते इंजिनीअर काका तिथेच उभे होते.

चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी. पाचवा दिवस रविवार, ३१ तारीख. टाकी आदल्या रात्री बोअरवेलच्या पाण्याने भरली. टाकीच्या पाण्यावर गुरुजींचा आक्षेप असेल असं आम्हाला वाटलं होतं. त्यांनी कलशातलं पाणी त्यात ओतलं, वरुणपूजन केलं आणि म्हणाले, ‘चला, उशीर नको, मला अजून तीन ठिकाणी जायचंय.’ उत्तरपूजा झाली, मूर्ती जागेवरून किंचित हलवली, दही-पोह्यांची शिदोरी बांधली. हार, दूर्वा, कापडी शेला, मुकुटाची पट्टी हे सगळं आधी उतरवून निर्माल्याच्या टोपलीत. हे काम शांतपणे करायला माणूस नेमून द्या, नाहीतर गर्दीत सगळं पाण्यात जातं आणि दुसऱ्या दिवशी गाळातून टाचण्या वेचाव्या लागतात.

मूर्ती पाटासकट उचलायला चार जण लागले. पाटाच्या चार कोपऱ्यांना दोऱ्या बांधल्या होत्या, त्यांनी ती हळूहळू खाली सोडली. ढकलणं नाही, आपटणं नाही. भोवती खुर्च्या मांडल्या होत्या आणि पहिल्या रांगेत तीच मंडळी होती जी इतकी वर्षं गेटवरून परत जायची. ‘पुढच्या वर्षी लवकर या’ इतक्या जवळून इतक्या जणांनी आमच्याकडे पहिल्यांदाच म्हटलं. पंचावन्न डेसिबलचं त्या मिनिटापुरतं कोणी बोललं नाही.

घरगुती गणपतींचाही प्रश्न होता. शाडूचे आमच्या टाकीत आले. पीओपीचे घेतले नाहीत. ते महिनोन्‌महिने विरघळत नाहीत. त्या घरांना दोन वाटा सांगितल्या: महापालिकेचा कृत्रिम तलाव, नाहीतर बादलीत अमोनियम बायकार्बोनेट. ही दुसरी पद्धत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने पुढे आणली. मूर्तीच्या वजनाएवढी पावडर पाण्यात घालायची, अधूनमधून ढवळायचं, साधारण दोन दिवसांत मूर्ती विरघळते. खाली चुनखडीसारखा साका राहतो आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट, म्हणजे झाडांचं खतच. ते पातळ करून घालावं. फक्त बादली गॅलरीत ठेवा. एका घराने बंद बाथरूममध्ये ठेवली आणि अमोनियाच्या वासाने पाहुण्यांसकट सगळं घर लॉबीत येऊन उभं राहिलं.

आमची मूर्ती सकाळपर्यंत पूर्ण विरघळली. पाटावर मातीचा ढीग आणि वर गढूळ पाणी. ते पाणी गटारात सोडायचं नाही. शाडू पाइपात बसली की प्लंबर बोलवावा लागतो. दोन दिवस निवळू दिलं, वरचं पाणी नळीने काढून बागेला घातलं आणि खालचा गाळ गोणपाटावर पसरून वाळवला. कुंड्यांसाठी माती न्यायला बायकांची रांग लागली तेव्हा मी प्रत्येकीला सांगितलं, नुसती शाडू कुंडीत भरू नका. ती चिकट असते, पाणी धरून बसते, वाळली की दगड होते, आणि झाडाला द्यायला तिच्याकडे फारसं काही नसतं. खत आणि जाड माती मिसळून मूठभर घाला. बरीच माती उरली, ती मूर्तिकाराला परत दिली. त्याने चाळून, भिजवून पुन्हा वापरणार असल्याचं सांगितलं आणि पुढच्या वर्षीच्या आगाऊ रकमेतून काही कमी मात्र केलं नाही.

टाकी घडी करून पंपरूममध्ये ठेवली. नवरात्र झालं, कोजागिरीचं दूध झालं. दिवाळीच्या आधी डी विंगमधल्या दोन घरांतून अर्ज आला: छठपूजेला टाकी मिळेल का? २७ ऑक्टोबरला मावळत्या सूर्याला आणि २८ ला उगवत्या सूर्याला अर्घ्य द्यायचं असतं, तेही पाण्यात उभं राहून. एरवी ते पहाटे अंधारात तलावावर जागा धरायला जातात. कमरेएवढं पाणी लागतं, टाकी बरोब्बर तेवढी. समितीत कोणी नाही म्हटलं नाही, पण अडचण निराळीच निघाली. आमच्याकडे पश्चिमेला येऊरचे डोंगर, सूर्य लवकर त्यांच्याआड जातो. आणि व्हिजिटर पार्किंगमधून पूर्वेला पाहिलं तर मध्ये सरळ बी विंग. खाडीच्या बाजूचं आकाश दिसतं ते फक्त मागच्या गेटजवळ. ‘मग टाकी पोडियमवर नेऊ,’ असं कोणीतरी म्हणालं. इंजिनीअर काकांनी पुन्हा पेन काढलं.

टाकी मागच्या गेटजवळ लागली. तिथल्या सहा गाड्या दोन दिवस बाहेर रस्त्यावर उभ्या राहिल्या, आणि बोअरवेलचा पंप नेमका तेव्हाच दुरुस्तीला गेल्याने टँकर मागवावा लागला. त्याचं निम्मं बिल पूजेच्या घरांनी दिलं, निम्मं सांस्कृतिक खात्यातून गेलं. ज्यांच्या गाड्या हलवल्या त्यांनी छठचा प्रसाद, ठेकुआ, खाल्ला आणि तरीही पुढच्या सभेसाठी लेखी हरकत दिली. ती हरकत विषयपत्रिकेवर चौथ्या क्रमांकावर आहे, आणि विषय मांडायचं काम पुन्हा माझ्याकडेच आलंय.